निशी-कासाईत राहायला येताना: टोकियोला निघालेल्या मराठी कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

टोकियोची ऑफर हातात पडली की आठवड्याभरात कुणीतरी सांगतंच, "निशी-कासाईला घर बघा, तिकडे आपली माणसं आहेत." सल्ला चांगला आहे. पण तिथे पोचल्यावर काय करायचं, कोणत्या गोष्टीला आधी हात घालायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण आयटीतले किंवा बँकेतले आणि कुटुंबासह येणारे असतात. उत्तरं त्यांच्यासाठीच आहेत.

निशी-कासाई आहे कुठे आणि भारतीय तिथेच का जमले?

टोकियोच्या पूर्व टोकाला एदोगावा हा वॉर्ड आहे, त्याच्या दक्षिण भागात निशी-कासाई. पश्चिमेला आराकावा नदी, पूर्वेला नदीपलीकडे चिबा प्रांतातलं उरायासु, म्हणजे डिस्नेलँडचं गाव. तोझाई मेट्रोचं निशी-कासाई स्टेशन १९७९ साली सुरू झालं.

गर्दी जमली ती १९९०च्या दशकाच्या शेवटी. सन २००० उजाडताना संगणक बंद पडतील या भीतीने जपानी कंपन्यांनी भारतातून प्रोग्रामर बोलावले. त्यांची ऑफिसं ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या भागांत, आणि ही तिन्ही स्टेशनं तोझाई मार्गावरच. १९७८पासून जपानमध्ये असलेले कोलकात्याचे चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी यांचा व्यवसाय याच परिसरात होता. नव्या मुलांना घर मिळत नव्हतं, शाकाहारी जेवण तर नाहीच नाही. चंद्राणींनी दोन्हींसाठी धावपळ केली, आणि पुढे एदोगावातल्या भारतीयांची संघटनाही त्यांनीच उभी केली. आज जपानमधल्या सगळ्या नगरपालिका-वॉर्डांत सर्वाधिक भारतीय एदोगावात राहतात, पाच हजारांहून जास्त. तरी वॉर्डाची लोकसंख्या सात लाखांच्या आसपास आहे हे लक्षात ठेवा. 'लिटल इंडिया' म्हटलं की गजबजलेला भारतीय बाजार डोळ्यासमोर येतो, तसं इथे काही नाही. शांत, साधी जपानी वस्ती आहे, तिच्यात आपण राहतो.

घर युआरचं घ्यावं की खासगी?

पहिलं घर युआरचंच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. युआर ही निमसरकारी गृहसंस्था. तिच्या घरांना जामीनदार लागत नाही, घरमालकाला द्यायचे परत न मिळणारे पैसे म्हणजे रेईकिन नाही, दलाली नाही, दर दोन वर्षांनी नूतनीकरणाची फी नाही. दोन महिन्यांचं भाडं अनामत ठेवायचं, बस. खासगी घराला अनामत, रेईकिन, दलाली, जामीन कंपनीची फी, आगीचा विमा आणि पहिलं भाडं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम एकदम जाते. शिवाय 'परदेशी भाडेकरू नको' असं तोंडावर सांगणारे घरमालक आजही भेटतात. त्याचा मनस्ताप पहिल्याच महिन्यात कशाला?

युआर उत्पन्न मात्र तपासते. ढोबळमानाने पगार भाड्याच्या चौपट हवा (मधल्या भाड्यांसाठी महिना ३,३०,००० येन ही रेषा आहे), नाहीतर बँकेत भाड्याच्या शंभरपट शिल्लक. स्टेशनला लागून कोजिमाचो दोन-चोमे दांची आहे, दक्षिणेला सेइशिनचोच्या इमारती. दांची म्हणजे आपल्याकडच्या म्हाडा वसाहतीसारखी इमारतींची रांग, मध्ये झाडं, खेळायची जागा, खाली दुकानं. इमारती जुन्या आहेत, पण हवा-उजेड भरपूर.

घर रिकामं मिळतं. अगदी रिकामं. दिवे नाहीत, पडदे नाहीत, गॅसची शेगडी नाही, बऱ्याचदा एसीसुद्धा नाही. पहिले दोन-तीन आठवडे कंपनीच्या खर्चाने सर्व्हिस अपार्टमेंट मिळत असेल तर ते जरूर मागून घ्या.

भारतातून मिक्सर, कुकर, शेगडी आणावी का?

मिक्सर नेहमीचा आणू नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपलं यंत्र २३० व्होल्टचं. ते कण्हतं आणि जळतं. भारतात परदेशासाठीचे ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, तो घ्या. वाटणाशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांनी ही खरेदी निघण्याआधीच करावी. कुकर अवश्य आणा, सोबत दोन जास्तीच्या रिंगा आणि शिट्टी. घरात इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही, स्टीलचा आणि इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा हवा. शेगडी इथेच घ्या. इथला पाइपातला गॅस वेगळा, आपली शेगडी त्याला जोडता येत नाही.

पोळीचा तवा, पोळपाट-लाटणं, मोदकपात्र, पुरणयंत्र आणा. मसाले, डाळी, पोहे, साबुदाणा, कणीक यांनी बॅगा भरू नका. ते सगळं स्टेशनच्या आसपासच्या भारतीय दुकानांत मिळतं.

विमानतळावर मांसाचे पदार्थ अजिबात चालत नाहीत. ताजी फळं, भाज्या, बियाणं यांचे नियमही कडक आहेत, भारत सरकारच्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ती आणू नयेत, आणि बरीच फळं प्रमाणपत्र असूनही बंद आहेत. त्यामुळे हापूसची पेटी नाही. जपानने भारतीय आंब्यावरची बंदी २००६ साली उठवली, पण वाफेची प्रक्रिया करून अधिकृतपणे आयात झालेल्या आंब्यांपुरतीच.

आल्याबरोबर कोणती सरकारी कामं?

विमानतळावर निवासपत्र म्हणजे झाइर्यू कार्ड मिळतं. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्डच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा. निशी-कासाईकरांना त्यासाठी मुख्य कचेरीपर्यंत जायला नको, नाका-कासाईतल्या कासाई जिमुशोत, म्हणजे वॉर्डाच्या शाखा कार्यालयात, काम होतं. कुटुंबातल्या सगळ्यांची कार्डं आणि पासपोर्ट न्या. पती-पत्नी आणि मुलांचं नातं दाखवणारे दाखले, शक्य तर जपानी भाषांतरासह, फाईलमध्ये ठेवा. मायनंबर, म्हणजे आपल्या आधारसारखा ओळख क्रमांक, याच नोंदणीतून येतो.

त्यानंतर मोबाइल नंबर, मग बँक. काही बँका आल्यापासून सहा महिने होईपर्यंत खातं उघडायला टाळाटाळ करतात. पगार ज्या बँकेत जमा होणार तिचं नाव कंपनीकडून आधीच घ्या आणि शक्य तर एचआरच्या माणसाला सोबत न्या. जपानी पोस्टाची बँक हा दुसरा पर्याय.

सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने निवासपत्र कायम जवळ बाळगायचं असतं, कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जातानासुद्धा. घर बदललं की पुन्हा १४ दिवसांची मुदत.

पगारातून काय काय कापलं जातं? दुसऱ्या वर्षी पगार कमी झाला म्हणतात, ते का?

रहिवासी करामुळे. हा कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर साधारण १० टक्के असतो, १ जानेवारीला जिथे राहत असाल तो वॉर्ड तो लावतो, आणि पगारातून त्याची कपात जूनपासून सुरू होते. आलेल्या वर्षी मागचं जपानी उत्पन्नच नसतं, म्हणून कर नाही. पुढच्या वर्षाच्या जूनमध्ये मात्र हातात येणारी रक्कम एकदम घटते. मोठं घर घेण्याआधी किंवा भारतातल्या कर्जाचा हप्ता वाढवण्याआधी हे गणित मांडा.

निवृत्तिवेतनाचा हप्ता एकूण १८.३ टक्के, त्यातला निम्मा तुमचा आणि निम्मा कंपनीचा. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६पासून लागू आहे. भारतातल्या कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीवर पाठवलं असेल आणि ईपीएफओचं प्रमाणपत्र असेल, तर जपानी निवृत्तिवेतनात पैसे भरावे लागत नाहीत. हे प्रमाणपत्र निघण्याआधी काढा. जपानी कंपनीत थेट नोकरी असेल तर भरावंच लागतं. देश सोडताना, किमान सहा महिने भरलेले असतील आणि दहा वर्षं पुरी झाली नसतील, तर एकरकमी परतावा मिळतो. अर्ज देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा, सध्या मोजणी पाच वर्षांपुरतीच, आणि त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो, जो प्रतिनिधीमार्फत परत मागता येतो. मात्र परतावा घेतला की ती वर्षं करारानुसार भारतातल्या वर्षांत मिळवता येत नाहीत. पुन्हा जपानला यायचा विचार असेल तर घाई करू नका.

आजारी पडलं तर?

आरोग्य विमा सक्तीचा आहे. त्यात मोठ्यांनी खर्चाच्या ३० टक्के द्यायचे, आणि महिन्याचा खर्च ठरावीक मर्यादेपुढे गेला की वरचा भार विमा उचलतो. टोकियोच्या २३ वॉर्डांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या उपचाराचा विम्याखालचा खर्च वॉर्ड भरतो. त्यासाठीचं वेगळं कार्ड मागून घ्यावं लागतं, पत्ता नोंदवतानाच विचारा.

साध्या तापाला मोठ्या हॉस्पिटलात जाऊ नका. चिठ्ठीशिवाय गेलात तर ७,००० येन किंवा त्याहून जास्त वेगळे द्यावे लागतात. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये जा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९, पोलीस ११०. रुग्णवाहिका बोलवावी की नाही असा संभ्रम असेल तर #७११९. हे तीन आकडे आणि आपला पत्ता जपानी उच्चारात लिहून फ्रिजवर चिकटवा. घरात एकट्या असणाऱ्या व्यक्तीला तो पत्ता फोनवर वाचून दाखवता आला पाहिजे, एकदा सराव करून घ्या.

मुलांना कोणत्या शाळेत घालावं?

सर्वात जास्त जीव या प्रश्नात अडकतो, आणि त्याचं एकच उत्तर नाही. दोन-तीन वर्षांत परत जायचं नक्की असेल, मूल सहावी-सातवीच्या पुढे असेल, तर भारतीय शाळा बरी. ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल २००६पासून याच परिसरात आहे, आणि इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान २००४पासून शेजारच्या कोतो वॉर्डात. दोन्हीकडे सीबीएसई मिळतं, आणि अमेरिकी-ब्रिटिश धाटणीच्या आंतरराष्ट्रीय शाळांपेक्षा फी बरीच कमी.

मूल लहान असेल आणि मुक्काम लांबण्याची थोडीही शक्यता असेल, तर सरकारी जपानी शाळेचा मनापासून विचार करा. परदेशी मुलांना ती सक्तीची नाही, पण अर्ज केला की प्रवेश हक्काने मिळतो, आणि शिकवणीची फी नाही. सहा-सात वर्षांचं मूल वर्षभरात जपानी बोलायला लागतं. वर्ग झाडतं, जेवण वाढतं, एकटं चालत शाळेत जातं. अडचण येते ती शाळेच्या जेवणाची, कारण शाकाहाराची सोय सहसा नसते. आधी भेट घेऊन शांतपणे सांगितलं तर डबा आणायची परवानगी बहुधा मिळते. दुसरी अडचण कांजीची, म्हणजे चिनी-जपानी अक्षरांची. आई-बाबांना वाचता येत नसेल तर शाळेच्या रोजच्या चिठ्ठ्यांचा ढीग साचतो. मराठी घरी बोलली तरच टिकते, शाळा कुठलीही असो.

बालभत्ता नागरिकत्व न बघता मिळतो: तीन वर्षांखाली महिना १५,००० येन, पुढे १०,०००, तिसऱ्या मुलापासून ३०,०००. ऑक्टोबर २०२४पासून उत्पन्नाची अट नाही आणि वयोमर्यादा १८पर्यंत वाढली आहे. अर्जाला उशीर झाला तर मागचे महिने जातात.

इथे बाळ झालं तर १४ दिवसांत वॉर्डात जन्मनोंदणी, ३० दिवसांत इमिग्रेशनकडे निवासाचा अर्ज, आणि भारतीय दूतावासात पासपोर्ट. दूतावास कुदानशिता स्टेशनजवळ आहे, तोझाई मार्गानेच थेट जाता येतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. जमेल का?

घरी सहज जमेल. बाहेर डोळे उघडे ठेवावे लागतील. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे उकळून काढलेलं पातळ सार, आणि दाशी बहुतेकदा सुक्या माशाची. मिसो सूप, सोबा नूडल्स, भाजीचा रस्सा, सगळ्यात ती असते. पाकिटावरची पाच-सहा चिन्हं ओळखायला शिका: डुक्कर, कोंबडी, गाय, अंडं, कात्सुओ मासा, जिलेटिन. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो, पण दुकानात उभं राहून दर वेळी तो काढण्यापेक्षा चिन्हं पाठ झालेली बरी.

भाजीबाजार मात्र आनंदाचा आहे. कोमात्सुना ही पालेभाजी मूळ याच वॉर्डातल्या कोमात्सुगावाची, तिचं नावही तिथूनच आलं. लसणाची फोडणी आणि मूगडाळ घालून, किंवा बेसन पेरून केली की चाकवत-पालकाची आठवण अर्धी भागते. दाइकोन म्हणजे मुळा, पाल्यासकट मिळाला तर सोडू नका. काबोचा भोपळ्याचं भरीत आणि घारगे उत्तम होतात. उकडीच्या मोदकांना जोशिंको नावाची तांदळाची पिठी घ्या, शिरातामाको नको, ती चिकट तांदळाची असते. खवलेला नारळ भारतीय दुकानांच्या फ्रीजरमध्ये असतो.

कचऱ्याचं एवढं काय असतं?

शेजाऱ्यांचं तुमच्याबद्दलचं पहिलं मत त्यावरून बनतं, म्हणून असतं. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, बाटल्या-डबे, कागद, प्रत्येकाचा वार ठरलेला. सकाळी आठच्या आत ठेवायचा, आदल्या रात्री नाही. वॉर्ड कार्यालयात वेळापत्रक मिळतं, इंग्रजीतही. कुठलीही बाजू ३० सेंटिमीटरहून मोठी असलेली वस्तू मोठ्या कचऱ्यात जाते: फोनवर किंवा ऑनलाइन वेळ घ्यायची, दुकानातून २०० किंवा ३०० येनची चिकटपत्रं विकत घेऊन लावायची. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी वॉर्ड नेतच नाही, त्यांचं पैसे देऊन वेगळं करावं लागतं. परत जाताना शेवटच्या आठवड्यात सामान तसंच टाकून जाणारी कुटुंबं मागे राहिलेल्या सगळ्या भारतीयांचं नाव खराब करतात. मला याची फार चीड येते. निघण्याच्या दोन महिने आधी सुरुवात करा.

तळलेलं तेल मोरीत ओतू नका. ते घट्ट करणारी पूड दुकानात मिळते, ती टाकून गोळा करा आणि जळणाऱ्या कचऱ्यात द्या.

आपल्यातच राहिलं तर जपानी शिकायचं राहून जातं का?

हो, राहून जातं. इथली सोय खरी आहे आणि तिचा धोकाही खरा आहे. किराणा हिंदीत, शाळा इंग्रजीत, गणपती मराठीत. दहा-दहा वर्षं राहून दुकानदाराशी तीन वाक्यं न बोलता येणारी माणसं मी ओळखते. झळ सगळ्यात जास्त लागते ती डिपेंडंट व्हिसावर आलेल्या जोडीदाराला. आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करायची परवानगी इमिग्रेशनकडून काढता येते, पण भाषेशिवाय काम मिळणं कठीण, आणि दिवस घरात जातो.

तयारी भारतात सुरू करा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसह जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा भारतात जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. निदान हिरागाना-काताकाना या दोन जपानी लिप्या गिरवून या. इथे वॉर्डातल्या सामुदायिक केंद्रांत स्वयंसेवकांचे वर्ग नाममात्र फीत चालतात. शिकवणारे बहुधा निवृत्त आजी-आजोबा. त्यांच्यामुळे भाषा येते आणि वस्तीत आपली म्हणावी अशी माणसंही मिळतात.

भाषा आली की काय होऊ शकतं याचं उदाहरण याच वॉर्डात आहे. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक पुढे जपानी नागरिक झाले आणि एप्रिल २०१९मध्ये एदोगावा वॉर्ड सभेवर निवडून आले. भारतात जन्मलेल्या माणसाने जपानमध्ये निवडणूक जिंकण्याची ती पहिली वेळ. २०२३ साली ते इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा दाइइची या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले.

आल्या आठवड्यात वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांची बेल वाजवा, टॉवेल किंवा बिस्किटांचा छोटा डबा द्या, नाव सांगा. लहान मुलं असतील तर धावण्याच्या आवाजाबद्दल आधीच माफी मागा. पुढे कुकरची शिट्टी आणि मोहरीची फोडणी त्यांना निम्मी सुसह्य होते. दांचीची रहिवासी संघटना, जिचिकाई, वर्षातून काही वेळा सफाई आणि आपत्तीचा सराव घेते. जा. कुणी आग्रह करणार नाही, म्हणूनच आपणहून जा.

भूकंप आणि पूर, घाबरावं का?

घाबरू नका, पण तयारी करा. भूकंपाचं सगळेच बोलतात. कपाटं भिंतीला अडकवा, पलंगाशेजारी बूट आणि बॅटरी ठेवा. मोठ्या धक्क्यात गॅस आपोआप बंद होतो, मीटरवरचं बटण दाबून तो पुन्हा सुरू करायचा असतो. मार्च २०११च्या भूकंपात शेजारच्या उरायासुत भराव टाकलेली जमीन पाण्यासारखी झाली होती, तेव्हा घर बघताना जमिनीची चौकशी करा.

पुराबद्दल मात्र आपल्या लोकांना फार कमी माहिती असते. एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. वॉर्डाने २०१९ साली काढलेल्या धोक्याच्या नकाशावर स्वतःच्याच वॉर्डाबद्दल 'इथे थांबू नका' असं छापलं होतं. महापूर आला तर पाणी एक-दोन आठवडे हटणार नाही, म्हणून आधीच वॉर्डाबाहेर जा, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळात हजारो लोकांना घर सोडावं लागलं. नकाशा इंग्रजीतही आहे. आपल्या इमारतीचा रंग बघा, आपला मजला बघा, आणि टोकियोच्या पश्चिम भागात कुणाकडे जायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

तोझाई मार्गाची गर्दी?

मुंबई लोकलवाल्यांना कळेल. कोविडच्या साथीच्या आधी किबा ते मोनझेन-नाकाचो हा टप्पा क्षमतेच्या १९९ टक्के भरायचा. जलद गाडी निशी-कासाईला थांबत नाही, ती तोयोचोहून थेट उरायासुला जाते. रात्री दमून परतताना त्यात चढू नका.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार आहेत. काय तयारी करावी?

भेटीचा व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि त्यावर जपानी आरोग्य विमा मिळत नाही. भारतातून निघतानाच चांगला प्रवासविमा काढा, जुने आजार त्यात धरलेत का हे वाचून. डॉक्टरांनी दिलेली औषधं एका महिन्यापुरतीच मोकळेपणाने आणता येतात. मधुमेह-रक्तदाबाची तीन महिन्यांची औषधं आणायची तर युन्यू काकुनिनशो हे परवानगीपत्र आधी ऑनलाइन काढावं लागतं. सर्दीची स्यूडोएफेड्रिनयुक्त आणि खोकल्याची कोडीनयुक्त औषधं पिशवीतून काढून ठेवा.

दिवसा तुम्ही ऑफिसात असताना त्यांना चालत जाता येईल असं ग्योसेन पार्क आहे. तिथलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट, सोमवारी बंद. वसंतात शिनकावा कालव्याकाठी साकुरा, म्हणजे चेरी, फुलतो. शनिवारी कासाई रिनकाई पार्कला न्या, मत्स्यालय आणि ११७ मीटर उंच आकाशपाळणा आहे. विमानतळावरून आणताना टॅक्सीची गरज नाही. नारिता आणि हानेदा दोन्हीकडून निहोनबाशीला थेट गाडी येते, तिथे तोझाई मार्ग धरायचा. त्यांच्या पासपोर्टची मूळ प्रत कायम त्यांच्याजवळ हवी, झेरॉक्स चालत नाही. गळ्यातल्या पाकिटात पासपोर्ट, तुमचा फोन नंबर आणि जपानीत लिहिलेला पत्ता घालून द्या.